विदर्भ, एक नंबर

मी पुण्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी विदर्भाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची मॅनेजर आहे. विदर्भ हे राष्ट्र नाही, हे मला ठाऊक आहे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हेही ठाऊक आहे. पण १९९७ च्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, या दोन्ही गोष्टींनी कोणाचं काही अडलं नाही.

आम्ही तेव्हा व्हर्जिनियात हर्नडनला राहत होतो. परीक्षित, म्हणजे माझा नवरा, सन दोन हजार उजाडल्यावर कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून कोणाचे तरी जुने प्रोग्रॅम दुरुस्त करत होता. मी पुण्यात बँकेत ऑफिसर होते आणि इथे माझ्या व्हिसावर मी 'डिपेंडंट' होते. नोकरीची परवानगी नाही. सकाळी साडेआठला परीक्षित गाडी घेऊन गेला की घरात मी आणि व्हॅक्यूम क्लीनर. त्यामुळे कोणी नुसतं "वहिनी, एक फॉर्म भरायचा होता" असं म्हटलं तरी मी पेन उघडून तयार असायची.

असं म्हणाले ते ज्ञानदेवभाऊ. नागपूरजवळच्या कामठीचे, वय सत्तेचाळीस, काउंटीच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. त्यांना इकडे येऊन वीस वर्षं झाली होती. बायको कांताताई नर्स, मुलगी मैत्री कॉलेजात. दर चौदा एप्रिलला त्यांच्या तळघरात बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे साठ-सत्तर माणसं जमायची आणि जेवून जायची. आणि दर रविवारी शाळेच्या मैदानावर ते आमच्या सगळ्या प्रोग्रॅमर मंडळींना फुटबॉल खेळायला लावायचे. स्वतः गोलमध्ये उभे राहून दर मिनिटाला ओरडायचे, "काय बे! झोपला का बे?"

आमच्या पुण्यात कोणाला 'बे' म्हटलं तर भांडण होतं. पहिल्या रविवारी परीक्षित घरी येऊन तासभर धुमसत होता. तिसऱ्या रविवारी आला तो चिंतेत. म्हणाला, "आज भाऊ मला एकदाही बे म्हणाले नाहीत यार. चिडले असतील का?"

तर फॉर्म. भाऊंना कम्युनिटी सेंटरच्या बोर्डावर एक पत्रक मिळालं होतं. 'स्वतःचं स्टेट नसलेल्या लोकांचा फुटबॉल कप.' एका बाजूला सात खेळाडू, एक राखीव, एका दिवसात स्पर्धा. खाली कोणा शेरझाद नावाच्या माणसाचा फोन आणि फॅक्स नंबर. भाऊ माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, विदर्भाचं नाव टाकू म्हणतो."

आता यात हसण्यासारखं काय आहे ते मला त्या वेळी दिसलं नाही. स्टेट म्हणजे राज्य. महाराष्ट्र हे स्टेट, मध्य प्रदेश हे स्टेट, आम्ही राहत होतो ते व्हर्जिनियासुद्धा स्टेटच. शाळेच्या भूगोलापासून रेशनकार्डापर्यंत आम्हाला त्या शब्दाचा एवढाच अर्थ माहीत. आणि विदर्भाला स्वतःचं राज्य नाही, ते हवं आहे, हे भाऊ आम्हाला दर रविवारी खेळ संपल्यावर ऐकवत असतच. मी फॉर्म पुढे ओढला.

"तुमच्या लोकांचं स्वतःचं स्टेट आहे का?" मी वाचलं.

"नाही. लिहा, मागणी जुनी आहे."

"सध्या तुमच्या भूमीवर सत्ता कोणाची?"

"मुंबईची," भाऊ म्हणाले.

मी 'मुंबई' लिहिलं.

"केव्हापासून?"

"एकोणीसशे साठ."

"सत्ताधाऱ्यांचं वागणं कसं आहे, थोडक्यात सांगा."

भाऊंनी जरा विचार केला. "दर हिवाळ्यात सरकार नागपूरला येते. दोन आठवडे राहते, संत्री खाते आणि परत जाते."

मी पुण्याची असल्यामुळे हे वाक्य लिहिताना मला जरा टोचलं. पण मॅनेजरने प्रामाणिक राहावं, म्हणून जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. तेव्हा मी मॅनेजर झाले नव्हते खरं तर. फॉर्ममध्ये शेवटी 'मॅनेजर' अशी रिकामी ओळ होती आणि भाऊ म्हणाले, "तुमचंच टाका ना वहिनी, अक्षर तुमचं आहे."

सही करता करता मी सहज विचारलं, "भाऊ, आपण 'हर्नडन इलेव्हन' वगैरे नावानं कुठेही खेळू शकतो. विदर्भच का?"

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. आवाज न चढवता, चहा ढवळत.

अठरा वर्षांचे असताना कामठीच्या मैदानावर त्यांच्यासारखा गोलकीपर नव्हता. राज्याच्या ज्युनियर संघाच्या निवडीसाठी त्यांना मुंबईला बोलावणं आलं. रात्रभर आणि अर्धा दिवस रेल्वेत उभ्यानं गेले. तीन दिवस चाचणी झाली, यादीत नाव लागलं. चौथ्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं करून शर्ट वाटले. शर्टावर छातीवर 'महाराष्ट्र'. भाऊ रांगेत शेवटून दुसरे होते. वाटणाऱ्यानं यादी पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं, आडनाव विचारलं. भाऊंनी सांगितलं. तो म्हणाला, "शर्ट संपले."

"आणि तुमच्या मागचा?" मी विचारलं.

"त्याला मिळाला," भाऊ म्हणाले. मग हसले. "गोल तर मी खूप अडवले वहिनी. कॉलेजात, कामठीत, इथे. पण छातीवर आपल्या जागेचं नाव नाही आलं कधी. एकदा घालून पाहावा वाटते."

ते गेल्यावर मी कप विसळले आणि एकटीच संतापून बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी परीक्षितला ऑफिसला सोडून गाडी ठेवून घेतली आणि मॉलमधल्या शर्ट छापणाऱ्या दुकानात गेले. पांढरे शर्ट, छातीवर इंग्रजीत ठळक 'विदर्भ', त्याखाली एक नारिंगी गोळा आणि दोन हिरवी पानं. पाठीवर एक ते आठ नंबर. किती शर्ट सांगितले तो आकडा मी घरी कोणालाच सांगितला नाही.

संघ निवडताना वाद झालाच. कारण विदर्भाच्या या संघात मूळचे विदर्भातले म्हणजे भाऊ, मैत्री आणि नागपूरचा प्रितम, एवढेच. बाकी परीक्षित आणि एक जण पुण्याचे, दोघे मुंबईचे, एक कोल्हापूरचा. परीक्षित म्हणाला, "मी विदर्भासाठी खेळलो हे आईला कळलं तर ती मला इस्टेटीतून काढेल." प्रितम म्हणाला, "तुम्ही आमची संत्री खाल्ली ना इतके वर्षं? आता धावा बे." मैत्री मुलगी आहे, चालेल का, असं कोणीतरी विचारलं. मैत्री कॉलेजच्या संघात फॉरवर्ड होती आणि आमच्या सगळ्यांना मिळून पुरून उरली असती. तिनं नियमांचा कागद वाचला आणि म्हणाली, "इट डझन्ट से मेन." विषय संपला.

शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो तर मी जरा गांगरलेच. मला वाटलं होतं आपल्यासारखीच हौशी मंडळी असतील. इथे तर सहा झेंड्यांच्या काठ्या रोवलेल्या, माइक लावलेला, म्हाताऱ्या बायका पारंपरिक कपड्यांत, नातवंडांच्या गालांवर रंग. कुर्द होते, तिबेटी होते, इथिओपियातले ओरोमो होते, असीरियन होते. पाच तास गाडी चालवून आलेला इथल्या मूळ रहिवाशांचा एक संघ होता, ज्यांना त्यांच्याच जमिनीवर वसलेलं सरकार अजून अधिकृतपणे ओळखत नव्हतं. रेफरी एरिट्रियाचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचाही संघ असायचा. मग त्यांना देश मिळाला, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं, मिठाई वाटली आणि स्पर्धेतून बाद केलं. तेव्हापासून ते रेफरी देतात.

शेरझाद म्हणजे पन्नाशीचा, भरघोस मिशांचा कुर्द माणूस. त्याची बेकरी होती. त्यानं भाऊंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, प्रेमळ आहे बिचारा.

मग त्यानं माइक हातात घेतला आणि एकेका संघाची ओळख करून द्यायला लागला. आमचा नंबर आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या अक्षरातला फॉर्म होता.

"विदर्भ," तो सावकाश म्हणाला. "सदतीस वर्षं मुंबईच्या ताब्यात. दर हिवाळ्यात सत्ताधारी येतात. त्यांची संत्री खातात. आणि परत जातात."

 एक तिबेटी आजी चुकचुकली. ओरोमोंच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "शेम!" आमच्यातल्या मुंबईच्या दोघांनी माना खाली घातल्या, आणि ते लोकांना फार दुःखी दिसले असावेत, कारण टाळ्या वाढल्या.

 मी परीक्षितच्या दंडाला चिमटा काढून म्हटलं, "अरे, यांना स्टेट म्हणजे देश म्हणायचं होतं!" तो म्हणाला, "आत्ता कळलं?" मी म्हटलं, "तुला आधी कळलं होतं?" तो म्हणाला, "नाही, मलाही आत्ताच." भाऊंना मात्र काही कळलं नव्हतं. ते एक नंबरचा शर्ट घालून ताठ उभे होते आणि मधूनच छातीवरच्या अक्षरांवरून बोटं फिरवून पाहत होते. त्यांना सांगायला मी दोन पावलं पुढे गेले आणि तशीच मागे आले. 

इतक्यात एक मुलगी कॅसेट मागायला आली. राष्ट्रगीताची. प्रत्येक संघाचं वाजणार होतं.

कॅसेट कुठली आणायची? आम्ही सगळे डोकी जोडून उभे राहिलो. परीक्षित म्हणाला, आपलं नेहमीचं राष्ट्रगीत म्हणू. भाऊ म्हणाले, "ते देशाचं आहे. आपण राज्याच्या नावानं आलो." कोणी म्हणालं एखादी आरती; भाऊ आणि प्रितम आरती म्हणत नाहीत. प्रितम म्हणाला बुद्धवंदना. ती बाकीच्यांना येत नाही. सिनेमातली गाणी सगळ्यांना अर्धी अर्धी येत होती आणि अर्धं कोणतं यावर एकमत होईना. समोर लोक उभे. शेरझादनं हात छातीवर ठेवलेला. मुलगी परत विचारायला निघालेली.

तेव्हा भाऊंनी घसा खाकरला, हात छातीवर ठेवला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बे एके बे!"

 मग सात जणांच्या तोंडून, पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, सगळ्यांच्या तोंडून, शाळेतल्या त्याच हेलात एकदम निघालं, "बे दुणे चार! बे त्रिक सहा! बे चोक आठ!" मैत्रीसुद्धा म्हणत होती. इथेच जन्मलेली मुलगी, घरात इंग्रजीच बोलणारी. पण बापानं गाडीत मागच्या सीटवर बसवून पाढे घोकून घेतलेले. अथपासून इतिपर्यंत सगळ्यांना पाठ असलेली मराठीतली ही एकच गोष्ट निघाली. आणि पहिल्याच ओळीत दोन 'बे'. विदर्भाला याहून चांगलं राष्ट्रगीत कोण लिहून देणार होतं?

मी हसू नये म्हणून ओठ चावत होते. पण 'बे आठे सोळा'ला आले आणि का कोण जाणे, माझे डोळे भरून आले. शाळेतला व्हरांडा, कडेला काढून ठेवलेल्या चपला, पन्नास मुलींचा एक आवाज, सगळं एकदम आठवलं. वर्षभरात मला इतकं घरच्यासारखं वाटलं नव्हतं.

'बे दाही वीस'ला थांबले. लोक तसेच उभे. त्यांना वाटलं, कडवं संपलं. तेव्हा प्रितमनं अतिशय गंभीर चेहऱ्यानं "तीन एके तीन" सुरू केलं.

पहिला सामना तिबेट्यांशी होता. खेळाचं वर्णन मला जमणार नाही. इतकं सांगते की मैत्रीनं दोन गोल केले आणि परीक्षितनं एक, तो आपल्याच गोलमध्ये. बाकीचे तिबेट्यांचे सगळे चेंडू भाऊंनी अडवले. उडी मारून नाही. कामठीच्या मैदानावर खडी असायची, तिथे उडी मारली की गुडघे सोलायचे, म्हणून चेंडू येणार तिथे आधीच जाऊन उभं राहायची त्यांना सवय. वय झालं, पोट सुटलं, तरी ती सवय तशीच होती. दोन विरुद्ध एक. विदर्भ जिंकला आणि मी, पुण्याची नीलांबरी, "विदर्भ! विदर्भ!" असं घसा बसेपर्यंत ओरडले.

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसले. कांताताईंनी पहाटे उठून सांबारवड्या केल्या होत्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एका असीरियन बाईनं सहा खाल्ल्या. शेरझाद स्वतः भाजलेले गरम नान घेऊन भाऊंच्या शेजारी येऊन बसला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

"तुमच्या राष्ट्रगीताचा अर्थ काय?" त्यानं विचारलं.

भाऊंना खोटं बोलता येत नाही. "दोन एके दोन. दोन दुणे चार," ते म्हणाले.

शेरझादनं डोळे मिटून मान हलवली. "खरं आहे. सत्ता कोणाचीही असो, दोन दुणे चारच." मग थोडं थांबून हळूच विचारलं, "तुम्ही घर शेवटचं केव्हा पाहिलंत?"

"डिसेंबरात," भाऊ म्हणाले. "तीन आठवड्यांची सुट्टी होती."

शेरझादचा घास हातातच राहिला. "तुम्हाला आत येऊ दिलं?"

"म्हणजे?"

"सीमेवर. सैनिक?"

"विमानतळावर माझा भाऊ आला होता घ्यायला. बाहेर ऑटोवाले होते, बाकी कोणी नाही." भाऊ गोंधळले. "तुम्ही केव्हा गेला होता?"

"बावीस वर्षं झाली," शेरझाद म्हणाला. "आता गाव नाही तिथे. जाळलं. विहिरीत सिमेंट ओतलं."

 भाऊंनी वळून झेंड्यांकडे पाहिलं. तिबेटी आजीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

गप्प बसता आलं असतं. एक दुपार, दोन सामने, मग कोण कोणाला विचारणार होतं? शर्ट अंगावर होता, त्यावर नाव होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, भाऊ, राहू द्या, आजचा दिवस राहू द्या. पण भाऊ उभे राहिले.

"साहेब, माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी खोटं लिहिलं नाही, पण चुकीचं समजलो. आम्ही स्टेट म्हणतो ते देशातल्या भागाला. मला देश आहे. चांगला मोठा आहे. माझ्या बापाला ज्या देशात गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच देशाच्या संविधानानं मला शाळा दिली, कॉलेज दिलं, मत दिलं. त्या देशाशी माझं भांडण असते रोज, पण ते घरातलं. तुमचं दुःख वेगळं आहे. त्या रांगेत मी उभा राहिलो, ते बरोबर नाही झालं."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी शर्टाची खालची कड धरली, काढायला.

आता मात्र माझा तोल गेला. मी मध्ये पडले. म्हटलं, "शर्ट काढायचा नाही! मॅनेजर मी आहे." आणि शेरझादकडे वळून, भाऊ "वहिनी, नको" म्हणत असताना, सगळं सांगून टाकलं. मुंबईची चाचणी, रांग, यादी, आडनाव. बँकेत असताना मी कधी मॅनेजरपुढे आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी माझं इंग्रजी व्याकरण सोडून धावत होतं. शेवटी म्हटलं, "एकोणतीस वर्षांनी यांना शर्ट मिळालाय. बाद करायचं तर करा. शर्ट राहील."

शेरझाद भाऊंकडे बघत राहिला. "आधी नाव विचारलं?" तो म्हणाला. "आणि मग शर्ट संपले?"

"आडनाव," भाऊ म्हणाले.

"आमच्या शाळेत मास्तर आमची नावं हजेरीत लिहीतच नसत. अशी नावंच नसतात म्हणायचे. त्यांच्या भाषेतलं दुसरं नाव द्यायचे." तो उठला. "थांबा इथेच."

त्यानं सगळ्या कप्तानांना बोलावलं. मैदानाच्या मधोमध ते पाच जण आणि रेफरी उभे राहिले. काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं. भाऊ गवतावर बसून राहिले, शर्टाची कड अजून मुठीत. मग तिकडून एकदम हशा उठला. तिबेटी कप्तान तर पोट धरून खाली बसला. 'बे एके बे'चा खरा प्रकार त्यांना कळला असावा.

शेरझाद माइकवर आला. "निर्णय झाला," तो म्हणाला. "आम्ही सगळे आयुष्यभर कागद दाखवत आलो. या मैदानावर कोणी कोणाला कागद दाखवणार नाही. विदर्भ आमचा पाहुणा संघ. गुण मोजले जाणार नाहीत, कप मिळणार नाही, पण खेळायचं. आणि पुढच्या वर्षी फॉर्मवर नीट इंग्रजीत 'कंट्री' लिहू." टाळ्या पडल्या. तिबेटी आजी येऊन भाऊंच्या गालाला हात लावून गेली.

दुसरा सामना कुर्दांशी. शेरझाद स्वतः खेळत होता, मिशा घामानं ओल्या. दोन-दोन अशी बरोबरी झाली. अगदी शेवटी कोल्हापूरच्या आमच्या गड्यानं कोणालातरी आडवा पाय घातला आणि रेफरीनं पेनल्टी दिली. शेरझादनं चेंडू ठेवला. समोर भाऊ. सगळं मैदान उठून उभं राहिलं. कांताताईंनी डोळ्यांवर पदर नाही, तर अख्खा टॉवेल धरला.

शेरझाद धावत आला. भाऊ हलले नाहीत. जिथे उभे होते तिथेच उभे राहिले, जरासे डावीकडे झुकून. चेंडू सणसणीत आला आणि त्यांच्या छातीवर, अगदी नावावर आदळला. भाऊंनी दोन्ही हातांनी त्याला तिथेच मिठी मारली आणि चेंडूसकट खाली बसले. मैत्री "बाबा!" म्हणून किंचाळत धावली. आयुष्यात पहिल्यांदा ती गडबडीत मराठी बोलली: "एक नंबर, बाबा, एक नंबर!" प्रितम आणि परीक्षितनं त्यांना उचलायचा प्रयत्न केला आणि तिघेही पडले.

मग तो प्रकार झाला. खेळ संपल्यावर दोन्ही संघ शर्टांची अदलाबदल करतात, अशी आंतरराष्ट्रीय रीत आहे म्हणे. मला कोण सांगणार? शेरझादनं आपला हिरवा शर्ट काढला, त्यावर 'कुर्दिस्तान', आणि भाऊंपुढे धरला. म्हणाला, "हाच हवा मला. चेंडूचा डाग असलेला."

भाऊंनी खाली छातीकडे पाहिलं. संत्र्याच्या शेजारी मातीचा तेवढाच गोल डाग उमटला होता. पाच तास झाले होते त्यांना तो शर्ट घालून. एकोणतीस वर्षांनंतर पाच तास. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि म्हणावं. पण त्यांनी शर्ट काढला, झटकला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी शेरझादला दिला.

"तुमचं राज्य झालं की परत करीन," शेरझाद म्हणाला.

"तुमचा देश आधी होऊ द्या," भाऊ म्हणाले.

शेरझादनं तिथेच तो अंगात घातला. कुर्द पोरं "विदर्भ! विदर्भ!" ओरडत त्याच्याभोवती नाचायला लागली. भाऊ बनियनवर उभे, हिरवा शर्ट खांद्यावर, हसत होते. खरंच हसत होते. मग मी जवळ आलेली पाहून म्हणाले, "झालं वहिनी. आता मात्र शर्ट खरंच संपले."

थट्टेनं म्हणाले, पण बोटं बनियनवर, नाव होतं तिथे फिरत होती.

मी गाडीकडे गेले. डिकीतली मोठी बॅग ओढत आणली आणि त्यांच्यापुढे गवतावर उघडली. वर एक नंबरचा कोरा शर्ट होता, छातीवर नाव. त्याच्याखाली दोन नंबरचा. त्याच्याखाली तीन.

"संपले नाहीत," मी म्हटलं.

भाऊ बॅगेपाशी वाकले. त्यांनी विचारलं, "किती छापले वहिनी?"

"बे आठे सोळा," मी म्हटलं.

मग त्यांनी तो शर्ट घातला, आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत काढला नाही.